फणसाला टांगलेली पेटी

रिओला जाऊन आलो असं कळलं की आमच्या अंबडच्या कारखान्यातले लोक दोनच गोष्टी विचारतात. समुद्र कसा आहे, आणि तिथल्या बाया खरंच तशा फिरतात का? मी सांगतो, समुद्र लांबून पाहिला, बायांकडे बघायला डोकं ठिकाणावर नव्हतं, मी जंगल पाहिलं. मग ते फिदीफिदी हसतात. "जंगल बघायला एवढ्या लांब कशाला जायचं राव? पेठ-सुरगाण्याला एसटी जाते की!" आधी मला राग यायचा. मुळात मला राग लवकर येतो. आता मशीनकडे वळतो. पण ते जंगल काही डोक्यातून जात नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

निघण्यापूर्वी

वसंता माझा धाकटा भाऊ. अंबडला माझ्याच हाताखाली फिटर म्हणून लागला, दोन वर्षांत कंटाळला आणि मालवाहू जहाजावर गेला. "दादा, तुझ्या शिव्या खाण्यापेक्षा समुद्र बरा," असं म्हणून गेला. ऐंशी सालच्या जूनमध्ये रिओच्या बंदरात त्याला ताप आला. इस्पितळात नेलं, चौथ्या दिवशी तो गेला. आम्हाला तार मिळाली तेव्हा त्याला पुरून आठवडा झाला होता. पुरून! आमच्या घराण्यात दात न आलेल्या लेकराशिवाय कुणाला कधी पुरलेलं नाही.

मखमलाबादच्या रस्त्याला आमचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. माझ्या जन्माच्या आधीपासून आई रामकुंडाच्या पायऱ्यांवर फुलांची पाटी घेऊन बसते. कुठकुठल्या मुलखातून लोक तिथे अस्थी घेऊन येतात. हातात तांब्या, तांब्याच्या तोंडाला लाल फडकं. आई त्यांना द्रोणात फुलं घालून देते. आलेला माणूस बाप घेऊन आलाय, बायको घेऊन आलाय की पोर, हे ती त्याच्या चालीवरून सांगते आणि सहसा चुकत नाही.

वसंतासाठी गुरुजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करून सगळा विधी केला. देह हाती आला नाही तर आमच्याकडे तसंच करतात. आई मधेच उठून गेली. "पानाचा वसंता मला नको," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून ती कुंडाकडे पाठ करून बसायला लागली. लोकांच्या अस्थींवर फुलं द्यायची, पण स्वतः पाण्यात पाऊल टाकायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझा वसंता आला म्हंजी उतरंन."

अशी तीन वर्षं गेली आणि रिओहून जहाज कंपनीच्या एजंटचं पत्र आलं. त्या शहरात गरिबाची कबर तीन वर्षांपुरतीच असते. मुदत संपली की हाडं वर काढतात, नातेवाईक आले तर त्यांच्या हवाली करतात, नाहीतर सगळ्यांची मिळून एक खोल जागा असते, तिथे टाकतात. तरी आपण येणार की कसे, ते कळवावे.

कंपनीने भरपाई दिली होती ती आईने पोस्टात टाकली होती, तिला बोट लावलं नव्हतं. ती म्हणाली, "त्याच्याच पैशानं त्याला घेऊन ये." तिने तांब्या घासून दिला, लाल फडकं दिलं आणि शेंगदाण्याच्या लाडवांची एक वेगळी पुरचुंडी बांधली. "हे तुझे नायत. त्याचे हायेत. भेटला का त्याच्यापाशी ठिव. आन् कुणाच्या घरात नेऊ नको त्याला, झाडाला टांग." अस्थी छपराखाली नेत नाहीत हे मला काय ठाऊक नव्हतं? पण मी मान हलवली.

निघताना तिने माझा हात धरला. "पाय बघून घे," म्हणाली.

वसंता नऊ वर्षांचा असताना मळ्यात बैलगाडीवरून पडला होता. उजव्या पायाची नळी मोडली. हाडवैद्याने बसवली ती वाकडीच बसली, आणि मधोमध सुपारीएवढा उंचवटा कायमचा राहिला. आईने त्या नळीला कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी तिळाचं तेल चोळलं. तो जरासा पाय ओढत चालायचा. जहाजावर घेतील की नाही अशी शंका होती, पण घेतलं. तेव्हा नसतं घेतलं तर बरं झालं असतं.

रिओ, शुक्रवार

विमानाचं काही सांगत नाही. बसलो, बसलो, आणि उतरलो.

विमानतळावर एक वाळकुडा, टोपीवाला गृहस्थ पाटीवर माझं नाव लिहून उभा होता. मी इंग्रजी वाक्य जुळवायला लागलो, तेवढ्यात तोच म्हणाला, "तुमी वसंताचे भाऊ. चेहरो तोच, फक्त तुमचो जरा रागीट."

हा अलेक्स मिनेझिस. मूळचा मडगावचा, उमेदीची वर्षं मुंबईच्या गोदीत काढलेला, आणि पोर्तुगीज गोव्यातून गेल्यावर त्यांच्या भाषेच्या मागोमाग इकडे आलेला. एजंटच्या कचेरीत कारकून होता. मला सारखा "पात्रांव" म्हणायचा. आपल्याकडे मालक म्हणतात तसं ते गोव्याकडचं आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर मला वाटत होतं हा आपल्याला काहीतरी नावं ठेवतोय. बोलण्यात मधेच 'मरे' म्हणायचा, तो आपला 'ना रे'. परमुलखात मराठी कानावर पडली आणि मला रडू कोसळायची वेळ आली. मी रुमालाने नाक पुसल्यासारखं केलं.

"मीच त्याच्यावर माती लोटली," तो गाडीत म्हणाला. "त्याच्या जहाजाचे तिघे होते आणि मी. मी आमची प्रार्थना म्हटली. तुमची येत नाय, काय करणार? तुमी रागावू नका."

मी कशाला रागावतो? उलट त्याचे पाय धरावेसे वाटले.

कबरस्तान डोंगराच्या पायथ्याशी होतं. पुढे श्रीमंतांच्या संगमरवरी कबरी, पंखवाल्या पुतळ्यांसकट. मागे उतारावर नुसत्या मातीच्या ओळी आणि पत्र्याचे नंबर. तिकडे जुलैत थंडी असते. झिमझिम चालू होती, माती लाल आणि चिकट होती. दोन खोदणारे विड्या फुंकत काम करत होते, आमच्याकडे भुईमूग उपटतात तितक्या सहज. मला बघवेना. मी पाठ करून उभा राहिलो. "पाय बघून घे" हे आईचे शब्द कानात होते, पण माझी मान वळली नाही. हा माझा भित्रेपणा. तो पुढे महागात पडला.

त्यांनी हाक मारली तेव्हा पत्र्याची एक लांबट पेटी तयार होती. झाकणाला साधी कडी. मी पिशवीतून आईने दिलेला तांब्या काढला, आणि आम्ही दोघं त्या तांब्याकडे बघत राहिलो. आमच्याकडे माणूस तांब्यात मावतो. अग्नी बाकीचं सगळं घेतो आणि मूठभर परत देतो. इथे त्यांनी मला अख्खा माणूस परत दिला होता. मी तिथेच चिखलात बसलो आणि मोठ्याने रडलो. खोदणाऱ्यांनी विड्या विझवल्या आणि टोप्या काढल्या.

मग आला राहण्याचा घोळ. पेटी घेऊन मी हॉटेलात जाणार नाही म्हटलं. मिनेझिस म्हणाला, कुणाला कळतंय? मी म्हटलं, मला कळतंय ना! शेवटी त्याच्या घराच्या मागे आंब्याचं झाड होतं, त्याला पेटी टांगायची ठरली. लाल फडकं तांब्यापुरतंच होतं. त्याच्या बायकोने, अगोदर छातीवर दोनदा क्रूस काढून, आपल्या नाताळच्या टेबलावरचं लाल कापड दिलं. मी पेटी त्यात गुंडाळली आणि वर लाडवांची पुरचुंडी गाठीत बांधली. आईने सांगितलं होतं ना, त्याच्यापाशी ठेव म्हणून.

रात्री जेवायला काळ्या घेवड्याचं कालवण, भात आणि वर भुरभुरवायला भाजलेल्या कंदाचं पीठ. पीठ कोरडंच खातात, आपल्याकडे लेकरं सातू तोंडात टाकतात आणि ठसकतात तसं. कालवणात डुकराचे तुकडे होते, ते मी बाजूला काढले. काम होईपर्यंत मांस खायचं नाही असं मी ठरवलं होतं. मिनेझिसची बायको मला बिचारा समजून भात वाढत राहिली.

शनिवारी कागद झाले, पण एका शिक्क्यासाठी सोमवार उजाडणार होता. रविवार मोकळा पडला.

रविवार, जंगल

वसंताच्या शेवटच्या पत्रात चार ओळी होत्या. त्या मला पाठ आहेत. "दादा, इथे गावाच्या मधोमध डोंगर आहे आणि डोंगरावर घनदाट जंगल. एक गोवेकर रविवारी लोकांना जीपने फिरवतो. मला फुकट नेलं. तिथे फणस आहेत, शप्पथ! तू आला असतास तर वेडा झाला असतास."

तो गोवेकर म्हणजे मिनेझिसच. सहा दिवस कारकुनी आणि रविवारी जीप. मी म्हटलं, जिथे वसंताला नेलं तिथे मलाही न्या. आणि पेटी? ती मागे ठेवायची माझी तयारी नव्हती. मिनेझिसने डोकं खाजवलं. "गिऱ्हाईक आहेत मरे दोघं. बरं, घे. खोकं आहे म्हणून सांगतो."

गिऱ्हाईक म्हणजे आर्जेंटिनाचं एक म्हातारं जोडपं. म्हातारा उंच, गप्प, हातात छत्री. म्हातारी ठेंगणी, डोक्याला पांढरा रुमाल, वयाने माझ्या आईएवढी. जीप आपल्या पाटबंधारे खात्याची असते तशी उघडी. मी मागे बसलो, पेटी मांडीवर.

नाशिकमधून बाहेर पडायला सिडको, सातपूर, कारखाने असं करत अर्धा तास जातो आणि मग कुठे उघडे डोंगर लागतात. इथे बाजाराचा रस्ता संपला, एक वळण घेतलं, आणि शहर कुणीतरी दार लावावं तसं बंद झालं. नुसतं हिरवं, तेही काळसर. झाडावर झाड, त्यावर वेल, वेलीवर शेवाळं, फांद्यांच्या बेचक्यात आणखी रोपटी. सगळ्यातून पाणी ठिबकत होतं. पाऊस थांबला होता, झाडांचा थांबला नव्हता. धुकं इतकं की जीपचं बोनेट दिसत नव्हतं. मधेच झाडी फाटायची आणि खाली शहराची घरं, समुद्र, उतारावरच्या पत्र्याच्या झोपड्या दिसायच्या. पुन्हा बंद. सुंदर म्हणतात ते हेच असावं, पण मला सुंदर वाटलं नाही. श्वास कोंडला.

मिनेझिस गाडी चालवता चालवता माहिती द्यायचा, आधी त्यांच्या भाषेत, मग माझ्यासाठी. "पात्रांव, हा डोंगर बोडका होता. सगळी झाडं तोडून कॉफी लावलेली. मग झरे आटले. खाली शहर तहानलं, तेव्हा राजाला जाग आली. म्हणाला, परत जंगल लावा."

"परत लावलं? हे?"

"हे सगळं. गुलामांनी. एकेक रोप हातानं लावलं मरे."

मी वर बघितलं. आमच्या मळ्यात वीतभर शेवंती जगवताना कंबर मोडते. ज्यांनी ही झाडं लावली त्यांना सावली मिळाली नसणार. आणि आता जीपमधून कोण हिंडतंय, तर नाशिकचा एक फोरमन, मांडीवर भाऊ घेऊन. मला त्या माणसांचं फार वाईट वाटलं.

आणि मग फणस दिसला! एक नाही, ओळीने. बुंध्याला लगडलेले, काही पिकून फुटलेले, त्यांचा तो गोड वास. मी ओरडलोच, "थांबवा!" मिनेझिस हसला. "वसंता पण हितंच ओरडला. जुन्या काळात पोर्तुगालच्यांनी हिंदुस्थानातून रोपं आणली. आता इतका माजलाय, जंगलखातं वैतागलंय. खाली उतर, वसंतानं गरे खाल्ले ते झाड दाखवतो."

त्या झाडापाशी धबधबा होता, बसायला दगडी बाक होते. मिनेझिसने डबे काढले. आता पेटी शेजारी ठेवून जेवायचं कसं? आईचा नियम आठवला. मी सुताची दोरी काढली आणि पेटी त्याच फणसाच्या फांदीला टांगली. मनात म्हटलं, वसंता, बघ, तुझ्या झाडाला आलास. जरा बरं वाटलं. सगळ्या प्रवासात तेवढंच बरं वाटलं.

दोन घास खाल्ले असतील. मागे खसफस झाली. बघतो तर सात-आठ जनावरं, लांब नाकाची, शेपटीला वळी, आमच्या मुंगसाचे थोरले भाऊ म्हणावेत अशी. दोन तर फांदीवर चढून कापड फाडत होती. लाडू! गुळाचा वास लागला होता त्यांना. मी "हाड! हाड!" करत धावलो, मिनेझिस टोपी फिरवत धावला, पण तोवर गाठ सुटली. पेटी दगडावर आपटली, कडी उघडली, आणि माझा भाऊ फणसाच्या पाचोळ्यात पसरला.

जनावरं लाडू घेऊन पळाली. मी गुडघ्यांवर बसलो. कवटी खोदणाऱ्यांनी वेगळ्या फडक्यात बांधली होती, ती नशिबाने सुटली नाही. बाकीची हाडं मी गोळा करायला लागलो आणि पायाची नळी हातात आली. सरळ. मी दुसरी शोधली. तीही सरळ. पाचोळा उपसून काढला, तिसरी सापडते का बघत होतो, इतकं माझं डोकं फिरलं होतं. कुठेही उंचवटा नाही, वाक नाही. सुतारकाम केल्यासारख्या दोन साफ नळ्या.

"मिनेझिस, हा वसंता नाही."

त्याला आधी कळेना. मी पायाची गोष्ट सांगितली तशा त्याने दोन्ही नळ्या हातात घेऊन पाहिल्या. "मी स्वतः उभा होतो रे. नंबर बघितला होता. पण मधे एक साल पाऊस असा झाला की उतारच खाली आला, नंबरांचे पत्रे वाहून गेले. त्यांनी परत लावले..." मग म्हणाला, "सायबा, मी काय करू आता?"

माझा जो भडका उडाला! मी त्याला नाही नाही ते बोललो. तो ऐकत राहिला. माझं भांडण खरं तर माझ्याशी होतं. शुक्रवारी मान वळवून बघितलं असतं तर? बघणारा मी एकटाच होतो, आणि मी पाठ केली होती. शेवटी म्हटलं, "हे इथेच पुरा. फणसाखाली. कुणाचं कोण, मला काय करायचंय! आईला सांगेन, नाही मिळाला."

मी काठीने माती उकरायला लागलो. बरंच उकरलं. मग मागे वळलो तर ती म्हातारी पाचोळ्यात बसलेली. डोक्यावरचा पांढरा रुमाल काढून तिने हातात घेतला होता आणि एकेक हाड उचलून, पुसून, पेटीत ठेवत होती. मोठी खाली, बारीक वर. घाई नव्हती. कसं ठेवायचं ते मनात ठरलेलं असावं. नवरा पाठ करून धबधब्याकडे बघत होता, शुक्रवारी मी उभा होतो तसा.

मी मिनेझिसला विचारलं, हिला सांगितलंत कशाला?

"नाय सांगितलं. ती आपणच बसली." मग त्याने तिच्याशी हळू आवाजात दोन शब्द बोलून घेतले आणि मला सांगितलं, "तिचो मुलगो कॉलेजात होता. लष्करवाले घरातून घेऊन गेले. मागे काय म्हणून काय आलं नाय."

मी पेटी घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही. मी खड्ड्याकडे बोट दाखवलं. तिने मान हलवली, नाही. माझी भाषा तिला येत नव्हती, तिची मला नाही. तिने झाकण लावलं, कडी घातली, फाटक्या लाल कापडावर आपला पांढरा रुमाल बांधला आणि पेटी उराशी धरून जीपमध्ये जाऊन बसली. डोंगर उतरेपर्यंत पेटी तिच्याच मांडीवर होती. प्रत्येक खड्ड्याला ती दोन्ही हातांनी ती सावरायची. मी उकरलेला खड्डा तसाच उघडा राहिला.

शहरात उतरल्यावर तिने पेटी माझ्या हातात दिली आणि माझ्या गालाला हात लावला. मी वाकून नमस्कार केला. दुसरं काय करणार?

सोमवारी सकाळी कबरस्तानच्या कचेरीत गेलो. कारकुनाने वही उघडली, नंबर बरोबर होता. त्या ओळीतले सगळे त्याच आठवड्यात काढले होते. कुणी घरच्यांनी नेले, न नेलेले त्या खोल जागेत गेले. आता काय करता येईल? काही नाही. त्याने खांदे उडवले, पण चेहरा पडला होता. मिनेझिस विमानतळावर आला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता. मीच त्याला मिठी मारली आणि बोललो त्याची माफी मागितली. "देव बरें करूं," तो म्हणाला आणि भोकाड पसरून रडला.

पेटी माझ्याजवळ होती. का आणली ते मला विचारू नका. त्या बाईने एवढं पुसून, रचून दिलेलं टाकायचा मला धीर झाला नाही, एवढंच. आणि आईला काही सांगायचं नाही, असं मी विमानात पक्कं केलं. हाडं ती हाडं. तिला काय कळणार?

नाशिक

मुंबईला कस्टमवाल्याने पेटीवर खडू टेकवून विचारलं, क्या है? मी म्हटलं, भाई है. त्याने खडू खिशात घातला.

घरी न जाता सरळ स्मशानात, अमरधामला गेलो. न जाळलेल्या अस्थी नदीत सोडायच्या नाहीत, आधी अग्नी द्यायचा, असं गुरुजींनी कळवलं होतं. आई सकाळपासून येऊन बसली होती. पाटीभर शेवंती आणली होती. विकायला नव्हे, वसंतासाठी. तिने पेटीकडे बघितलं, पांढऱ्या रुमालाकडे बघितलं.

"हे कुणाचं?"

"एका बाईने दिलं. तिकडच्या."

"उघड."

"आई, नको. रचून झालंय सगळं, अग्नी देऊ."

"उघड म्हन्ते ना!"

मी कडी काढली. तिने पदर खोचला, मांडी घातली आणि सरळ नळीलाच हात घातला. उजवी नळी मांडीवर आडवी घेतली आणि तेल चोळताना फिरवायची तसा अंगठा वरून खाली फिरवला. एकदा. मग परत एकदा, हळू. अंगठा कुठे अडला नाही. आता ही उठून जाणार, पानाच्या पुतळ्यावरून उठली तशी, आणि मरेपर्यंत कुंडाकडे पाठ करून बसणार, असंच मला वाटलं.

तिने दुसरी नळी बघितली नाही. पहिलीच परत जागेवर ठेवली, अगदी जशी होती तशी. मग पाटी ओढली आणि शेवंती घालायला लागली, डोक्यापासून पायापर्यंत, एक जागा मोकळी सोडली नाही. "लाडू ठिवलं व्हतं का?" तिने विचारलं.

"ठेवले होते."

"मंग दे अग्नी."

मी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडली. आता ती तांब्यात मावली. लाल फडकं बांधून रामकुंडावर आलो तेव्हा पायऱ्यांवरच्या फुलवाल्या बाया उठून उभ्या राहिल्या. पाण्याला ओढ होती, आई गुडघ्यापर्यंत उतरली. तीन वर्षांत पहिल्यांदा. तांब्या तिने स्वतः रिकामा केला. सगळं गेलं तरी तो पाण्यात बुडवून, खळखळून, पुन्हा ओतला.

मला राहवेना. म्हटलं, "आई, तुला तेव्हाच कळलं होतं."

"चाळीस वर्सं हितं बसते मी. कळायला काय झालं?"

"मग बोलली का नाहीस?"

ती वाहत्या फुलांकडे बघत होती. "कुनाचं तरी लेकरू हाय. येवढं लांबून आलं, त्याला काय माघारी धाडू?" मग पदराने हात पुसत ती माझ्याकडे वळली, "ह्याच्या आईनं तिकडं माझा नेला आसंन ना रे? का पाय वाकडा बघून सोडला आसंन?"

मी म्हटलं, "नेला असणार, आई." आणि तिला हात देऊन पायरी चढवली.